घरी पाहिलेला चित्रपट आणि सपरीवरचे मत

वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले शिरपूर हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या क्षेत्रामुळे. दूरदूरच्या प्रांतांतून यात्रेकरू येथे येतात, आणि सरकारी दप्तरात काय किंवा लोकांच्या तोंडी काय, गावाच्या नावापुढे ‘जैन’ हे विशेषण कायमचे जडले आहे. परंतु यात्रेकरू परतल्यावर, सोयाबीन-तुरीच्या वावरांतून माणसे घरी आल्यावर आणि हातपाय धुऊन जेवणे आटोपल्यावर जे घडते, ते वऱ्हाडातल्या कोणत्याही मोठ्या गावात घडते तेच आहे. बैठकीत टीव्ही लागतो. आणि जेथे एका संचावर घरातल्या चौघांचे एकमत होत नाही, तेथे कोणी मोबाइल घेऊन माडीवर जातो, कोणी सपरीत खाटेवर पडून कानाला तारा लावतो, आणि एका छपराखाली एकाच रात्री तीन निरनिराळे चित्रपट पाहिले जातात. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणी सहज विचारले की, “काल काय पाह्यलं बाप्पा?” तर उत्तर येते, “होता एक पिच्चर. बरा होता.” आणि विषय तेथेच संपतो.

हा विषय तेथे संपू नये, एवढेच सांगण्यासाठी हा लेख आहे. दोन-अडीच तास ज्या कथेने माणसाला खिळवून ठेवले, क्वचित डोळ्यांत पाणी आणले, तिच्याविषयी त्याच्याकडे शेजाऱ्याला द्यावयास दोन शब्दांहून अधिक काही नसावे, ही मला लहान गोष्ट वाटत नाही. आणि यात दोष त्या माणसाच्या बुद्धीचा नाही. चित्रपटाविषयी बोलण्याचे काम पूर्वी त्याला एकट्याने करावे लागत नव्हते. ते त्याच्या वतीने समुदाय करीत असे.

जुन्या काळी चित्रपट पाहणे हा सामुदायिक व्यवहार होता. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला, तेव्हापासून पुढची साठ-सत्तर वर्षे चित्रपट म्हणजे काळोखात शेकडो अनोळखी माणसांच्या सोबतीने घेतलेला अनुभव, असाच त्याचा अर्थ होता. प्रभातचा ‘संत तुकाराम’ 1936 साली मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि 57 आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला. पण व्हेनिसच्या परीक्षकांनी दिलेल्या अभिप्रायापूर्वीच मराठी प्रेक्षकांनी आपला अभिप्राय नोंदवलेला होता, आणि तो शब्दांनी नव्हे, तर पडद्यावरच्या विष्णुपंत पागनिसांपुढे हात जोडून. त्या गर्दीत बसलेल्या प्रत्येकाला आपल्या मताची रुजवात तत्क्षणी घालता येत असे: आपल्याला जेथे हसू आले तेथे सगळे हसले की नाही, आपला गळा जेथे दाटला तेथे शेजारच्याने पदर डोळ्यांना लावला की नाही, हे पाहावयास मान वळवण्याचीही गरज नसे. जत्रेतल्या तंबूच्या सिनेमातही हेच घडे. नाणी फेकली गेली, शिट्या वाजल्या, किंवा भर तंबूत एकाएकी शांतता पसरली, की चित्रपटाचे गुणदोष तंबूबाहेर पडण्यापूर्वीच ठरून जात. ते ठरवणे नेहमीच न्याय्य होते असे माझे म्हणणे नाही. संथ आणि अबोल चित्रपटांवर त्या गर्दीने पुष्कळ अन्याय केला आहे. परंतु मत एकट्याचे राहत नसे, हे खरे.

2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. 1982 साली चित्रे रंगीत झाली आणि त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांतून पसरले, तेव्हा वऱ्हाडातल्या खेड्यांनाही पडदा घरात आल्याचा अनुभव मिळाला. तरी ‘घरात’ हा शब्द त्या काळापुरता जपून वापरला पाहिजे. संच आळीत एखाद्याच घरी असे आणि त्या घराची बैठक त्या संध्याकाळपुरती सार्वजनिक होई. शनिवारी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, हा त्या पिढीचा ठरलेला नेम होता. सोमवारी शाळेच्या पटांगणात, विहिरीवर, पिठाच्या गिरणीत जो तो त्याच चित्रपटाविषयी बोलत असे, कारण दुसरा चित्रपट कोणी पाहिलेलाच नसे. 1987-88 मध्ये ‘रामायण’ लागे तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे सर्वांना आठवते. परंतु मालिका संपल्यावर तेच रस्ते बोलक्या माणसांनी भरून जात, याची आठवण मात्र कोणी फारशी सांगत नाही. व्हिडिओचे युग आले तेव्हा संच आणि तीन चित्रपट एका रात्रीच्या भाड्याने आणून गणपतीत अंगणात लावण्याची वहिवाट पडली, आणि पहाटेपर्यंत जागलेल्या मंडळींच्या तोंडी ‘अशी ही बनवाबनवी’तली वाक्ये इतकी रुळली की 1988 चा तो चित्रपट न पाहिलेल्यांनाही ती पाठ झाली.

पुढचा बदल त्वरेने झाला. 1999 साली अल्फा मराठी आली, 2007 साली केवळ मराठी चित्रपटांना वाहिलेली झी टॉकीज. 2016 च्या उत्तरार्धात मोबाइलवरचे इंटरनेट इतके स्वस्त झाले की प्रत्येकाच्या खिशात स्वतंत्र चित्रपटगृह आले. आणि 2020 च्या टाळेबंदीत चित्रपटगृहांना कुलपे लागली तेव्हा घरी पाहणे ही सोय न राहता एकमेव मार्ग झाला. आज निवड अमर्याद आहे, पण कालच्या रात्री आपल्या शेजाऱ्याने आपण पाहिला तोच चित्रपट पाहिला असण्याचा संभव फार थोडा. सामाईक अनुभव गेला म्हणूनच सांगण्याचे महत्त्व वाढले. पूर्वी बोलणे हे पाहण्याच्या पाठोपाठ आपोआप येत असे. आता ते जाणीवपूर्वक करावे लागते.

ते कसे करावे, हे सांगण्यापूर्वी घर चित्रपटाचे काय करते, याचा विचार केला पाहिजे, कारण आपल्या मतात चित्रपटाचा वाटा किती आणि घराचा किती, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. नागराज मंजुळे यांच्या दोन चित्रपटांची उदाहरणे घेतो. दोन्हींचे शेवट आता सर्वश्रुत आहेत, म्हणून ते सांगण्यास हरकत नसावी. ‘सैराट’च्या अखेरीस दिग्दर्शकाने ध्वनी काढून घेतला आहे. ज्या चित्रपटाच्या गाण्यांवर सारा महाराष्ट्र नाचला, त्याच चित्रपटात आर्ची आणि परश्याचे लहान मूल रक्तात पाय भिजवून बाहेर चालत जाते तेव्हा संगीताचा एक सूर नाही, रडण्याचा आवाज नाही, काही नाही. चित्रपटगृहात ही निःशब्दता छातीवर दगड ठेवल्यासारखी वाटे, कारण तेथे शेकडो माणसे एकदम गप्प झालेली असत. घरी मात्र त्या शांततेत कुकरची शिटी शिरते, गोठ्यातल्या म्हशीचे ओरडणे शिरते, आणि आवाज का गेला म्हणून कोणी रिमोट दाबून पाहतो. असा ‘सैराट’ पाहिलेला माणूस जर म्हणाला की शेवट एकाएकी संपल्यासारखा वाटला, तर त्याचे म्हणणे खोटे नाही; पण त्याने कोणत्या परिस्थितीत पाहिला, हेही त्याने सांगितले पाहिजे.

‘फँड्री’चे याहून सूक्ष्म आहे. जब्याचे कुटुंब गावासमोर डुकरामागे धावत असता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. पुढे मेलेले डुक्कर काठीला लटकवून नेताना मागे शाळेच्या भिंतीवर फुले, आंबेडकर, गाडगेबाबा यांची चित्रे दिसतात. कोणी पात्र त्या चित्रांकडे बोट दाखवीत नाही, कोणी एक शब्दही उच्चारीत नाही. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर ती भिंत दिसते, पण तिच्यावरचे चेहरे ओळखू येतीलच असे नाही. आणि ज्याने ते चेहरे पाहिले नाहीत, त्याने चित्रपटातले एक मोठे विधान वाचलेच नाही. अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड सरळ प्रेक्षकाकडे येतो. चित्रपटगृहात तो सगळ्यांवर येतो. घरी, एकट्याने पाहताना, तो एकट्यावर येतो. या एका बाबतीत घरी पाहणाऱ्याला अधिक लागते, असे मला वाटते, आणि ज्यांनी तो चित्रपट रात्री उशिरा एकट्याने पाहिला आहे त्यांनी याविषयी बोलले पाहिजे.

आता सांगण्याविषयी. आपल्याकडे पंचनामा न करताच निकाल सुनावण्याची सवय फार. ‘एकदम भारी’, ‘बकवास’, ‘पैसा वसूल’, ‘डोक्याला ताप’ हे सारे निकाल आहेत, आणि ऐकणाऱ्याला त्यांचा काडीचा उपयोग नाही, कारण सांगणाऱ्याची आवड कोणती, हे ठाऊक असल्याखेरीज त्या निकालाला वजन येत नाही. त्याऐवजी काय पाहिले ते सांगावे. चित्रपट आवडला असे म्हणणे निराळे आणि तो चांगला आहे असे म्हणणे निराळे. पहिले आपल्याविषयीचे विधान आहे, त्याला पुरावा लागत नाही, पण दुसऱ्याला लागतो. अत्यंत सामान्य चित्रपट माणसाला मनापासून आवडू शकतो, कारण तो त्याने आपल्या गेलेल्या वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेला असतो. आणि श्रेष्ठ चित्रपट आवडत नाही, कारण तो दुखऱ्या जागी हात घालतो. ही दोन्ही कारणे प्रामाणिक आहेत, आणि ती उघड सांगितली की ऐकणारा आपोआप त्यांची वजावाट करून घेतो.

शिरपुरात हे सांगताना एका गोष्टीची आठवण होणे अपरिहार्य आहे. चातुर्मासात जेथे साधूंचा मुक्काम असतो तेथे प्रवचने होतात, आणि श्रावक ती नुसती ऐकून घरी जात नाहीत. जैन परंपरेत स्वाध्यायाचे जे पाच प्रकार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत वाचनेच्या पाठोपाठ पृच्छना येते, म्हणजे न समजलेले विचारणे. मग अनुप्रेक्षा, म्हणजे त्यावर मनात पुनःपुन्हा चिंतन करणे. आणि दुसऱ्याला उपदेश करण्याचा क्रम अगदी शेवटी लागतो. धर्मग्रंथासाठी सांगितलेली शिस्त चित्रपटाला लावणे कोणाला अनुचित वाटू नये, कारण मी येथे पावित्र्याची तुलना करीत नसून क्रमाकडे लक्ष वेधतो आहे. आपण पाहिल्याबरोबर शेवटची पायरी गाठतो. विचारण्याची आणि मनात घोळवण्याची पायरी ओलांडून थेट सांगू लागतो. ‘मला ते कळलं नाही, तुम्हाला कळलं का?’ या वाक्याने सुरू झालेली चर्चा जितकी पुढे जाते, तितकी ‘मी सांगतो’ने सुरू झालेली कधीच जात नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. सतीश मनवर यांचा 2009 चा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा चित्रपट. शेजारच्या एका शेतकऱ्याने आत्महत्या केली आहे, आणि आपल्या नवऱ्याच्याही मनात तसे काही येईल या धास्तीने अलका, म्हणजे सोनाली कुलकर्णी, किसनावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवते. लहान दिनूला त्याच्या मागे पाठवते, सासूला सावध करते, हाती काही नसताना त्याला गोडधोड करून घालते. किसनाला मात्र या साऱ्याचा अर्थ कळत नाही. तो आपल्या पेरणीच्या विवंचनेत. गिरीश कुलकर्णींचा हा किसना आणि ज्योती सुभाषांची ती म्हातारी पाहताना शहरातल्या समीक्षकाने अभिनयाविषयी लिहावे, रचनेविषयी लिहावे. ते त्याने लिहिलेही. परंतु ज्या कास्तकाराने मृगात पेरून पावसाने ताण दिल्यावर उसनवारीच्या बियाण्यावर दुबार पेरणी केली आहे, त्याला त्या चित्रपटात जे दिसते ते त्या समीक्षकाला दिसणे शक्य नाही. आभाळाकडे पाहण्याची किसनाची तऱ्हा खरी की नटाची, नवऱ्याला न कळू देता त्याच्यावर पाळत ठेवणाऱ्या बाईची चाल घरात कशी असते, अशा घरात पोराला वय नसताना किती कळू लागते, याविषयी अधिकाराने बोलणारी माणसे मालेगाव-रिसोडच्या पट्ट्यात गावोगाव आहेत. त्यांची साक्ष कोणी घेत नाही, आणि आपल्या साक्षीला काही किंमत आहे हे त्यांनाही कोणी सांगितलेले नाही. ‘आम्हाले काय कळते त्यातलं’ असे म्हणून ती बाजूला सरतात. वस्तुतः कळणाऱ्यांत त्यांचा पहिला क्रमांक आहे.

घरातल्या बायकांचे याहून अधिक उपेक्षित. त्यांचा चित्रपट अखंड कधी पाहिला जातच नाही. तुरीची डाळ निवडता निवडता, उन्हाळ्यात कुरडया-पापडांची तयारी करता करता, अर्धा डोळ्यांनी आणि अर्धा कानांनी तो पार पडतो. म्हणून त्यांचे कान विलक्षण तयार झालेले असतात. पडद्यावरची बाई ‘आपल्याकडची’ म्हणून बोलते ते खरोखर आपल्याकडचे आहे की पुण्याच्या जिभेवर वऱ्हाडी शब्द ठेवले आहेत, हे त्या पहिल्या दोन वाक्यांत ओळखतात. वऱ्हाडी बोली पडद्यावर पुष्कळदा हशा पिकवण्यापुरतीच आली आहे, आणि ती बोली बोलणाऱ्या पात्राला दुःख, विचार, प्रौढी यांचा हक्क क्वचितच मिळाला आहे. याची नोंद करण्याचा पहिला अधिकार या कानांचा. पण कर्त्या पुरुषाने संच बंद करताना ‘काही दम नाही’ असा हुकूम सोडला की घरातल्या बाकीच्यांची मते त्यांच्यापाशीच राहतात. घरच्या बैठकीत सर्वांत वडील माणसाने सर्वांत शेवटी बोलावे, एवढा एक बंदोबस्त केला तरी फार फरक पडेल.

दोन बारीक गोष्टी येथेच उरकतो. कथेचे वळण आधी सांगू नये. पाहणाऱ्याचा तो हक्क आहे, आणि सांगावयाचेच झाले तर विचारून सांगावे. आणि मुलांसाठी शिफारस करताना प्रमाणपत्राकडे पाहावे: चित्रपटगृहात येणाऱ्या चित्रपटांना आता ‘यूए’मध्येच सात, तेरा आणि सोळा वर्षांच्या पायऱ्या आहेत, आणि इंटरनेटवरच्या वाहिन्यांनाही 2021 च्या नियमांनुसार अशाच पायऱ्या दाखवाव्या लागतात. परंतु कोपऱ्यातला तो आकडा दोन घटकांत नाहीसा होतो, म्हणून शेजारच्या वडीलधाऱ्याने ‘पोरं झोपल्यावर पाहा’ असे सांगितले, तर ती शिफारस त्या आकड्याहून अधिक उपयोगी.

चित्रपट पाहून मग त्यावर रीतसर बोलावयाचे, ही पद्धत महाराष्ट्राला नवी नाही. 1959 साली सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फिल्म सोसायट्यांचा भारतीय महासंघ स्थापन झाला. 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघाले, आणि त्याच्या ‘रूपवाणी’ने मराठीतून चित्रपटाविषयी गंभीरपणे लिहिण्याची जागा निर्माण केली. पुण्याला 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झाले, तेथे पी. के. नायर यांनी जुन्या चित्रपटांच्या फिती ध्यास घेऊन जमवल्या, आणि प्रा. सतीश बहादूर यांनी ‘पथेर पांचाली’सारखा चित्रपट दृश्यादृश्यांनी उलगडून दाखवीत रसास्वादाचे पाठ दिले. अरुण खोपकर यांनी गुरू दत्त यांच्या अवघ्या तीन चित्रपटांवर ‘गुरू दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हा ग्रंथ लिहिला आणि त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तीन चित्रपटांवर एक सबंध ग्रंथ होऊ शकतो, हे ज्याला कळले त्याला आपल्या कालच्या चित्रपटावर पंधरा मिनिटे बोलणे जड जाऊ नये.

या चळवळींना शहरे लाभली, कारण फिती, यंत्रे आणि सभागृहे तेथेच होती. ती अडचण आता उरलेली नाही. ‘पथेर पांचाली’ शिरपूरच्या सपरीत लागू शकतो. चार-पाच घरांनी मिळून महिन्यातला एक दिवस ठरवावा, सर्वांनी त्या आठवड्यात आपापल्या घरी एकच चित्रपट पाहावा, आणि ठरल्या दिवशी कोणाच्या तरी सपरीवर बसावे. यापलीकडे खर्च नाही. वाद होतील, आणि ते व्हावेत. मात्र ‘तुला कळलंच नाही’ या वाक्याला तेथे मज्जाव असावा, कारण अनेकान्ताचा विचार ज्या गावाच्या नावाशीच निगडित आहे, तेथे दुसऱ्याच्या जागेवरून दिसणारे सत्य ऐकून घेण्याची सवय परकी मानता येणार नाही.

पहिल्या बैठकीसाठी मी संदीप सावंत यांचा 2004 चा ‘श्वास’ सुचवीन. 1954 साली ‘श्यामची आई’ला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाल्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे पुन्हा आला तो याच चित्रपटामुळे. पण माझे कारण निराळे आहे. आपल्या माणसाला घेऊन अकोल्याच्या किंवा नागपूरच्या इस्पितळात ज्याने रात्री काढल्या नाहीत, असे घर आपल्याकडे विरळा. कागद कोणत्या खिडकीत द्यावयाचा, डॉक्टर काय म्हणाले, आणि घरी काय सांगावयाचे, हे सारे ज्यांनी भोगले आहे त्यांच्यासाठी या चित्रपटात काही अनोळखी नाही. लहान परशुरामच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. शस्त्रक्रियेने जीव वाचेल, पण दृष्टी जाईल. आणि शस्त्रक्रियेआधी त्याचे आजोबा, अरुण नलावडे यांनी उभे केलेले ते अबोल आजोबा, कोणालाही न सांगता नातवाला इस्पितळाबाहेर घेऊन जातात, त्याला जग दाखवावयास. मागे इस्पितळात धावाधाव होते, ज्या डॉक्टरने जीव ओतला तो संतापतो. आजोबांनी हे करावयास हवे होते का? एखादी आजी म्हणेल, दुसरे काय करणार होता तो. दवाखान्यात नोकरी करणारी एखादी मुलगी म्हणेल, खाट अडली, वेळ गेली, त्यापायी दुसऱ्या कोणाचा जीव धोक्यात आला असता तर? दोघींनाही त्यांचे म्हणणे पुरते मांडू द्यावे, आणि मग ज्याने अजून तोंड उघडलेले नाही त्याला विचारावे.